पाहुण्यांच्या जोरावर गाव टिकत नाही

५ डिसेंबरला जपानच्या नोतो द्वीपकल्पातला शेतकरी ठेवणीतला पोशाख घालून शेतावर जातो आणि भाताच्या देवाला घरी घेऊन येतो. देव दिसत नाही. देवालाही नीट दिसत नाही, अशी तिकडची समजूत आहे. लोंबीचं टोक डोळ्याला लागलं असं कुणी सांगतं, वर्षभर मातीच्या अंधारात राहून नजर गेली असं कुणी सांगतं. म्हणून घरधनी देवाला, खरं तर देवाच्या जोडप्याला, हाताला धरल्यासारखा आत नेतो. पायरी कुठे आहे ते सांगतो, आगटीजवळ बसवतो, न्हाणीत नेऊन पाणी बरोबर तापलंय ना असं विचारतो. मग ताटं मांडतो. त्यात अझुकीचे दाणे घालून शिजवलेला लाल भात, मासा, दोन पाय फुटलेला मुळा आणि तांदळाचं आमाझाके हे गोड पेय असतं. एकेका पदार्थाचं नाव तो मोठ्याने सांगतो, कारण समोरच्याला ताट दिसत नाही. देव हिवाळाभर घरातच मुक्काम करतात आणि ९ फेब्रुवारीला पुन्हा असंच जेवू घालून त्यांची शेताकडे पाठवणी होते. या विधीचं नाव आएनोकोतो. २००९ साली युनेस्कोने तो मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतला.

विधी घरातला आहे. त्याला पुजारी लागत नाही, देऊळ लागत नाही. करणारी घरं मात्र कमी होत गेली. दुसरीकडे नोतो-चो गावाच्या यानागिदा भागात, एका जुन्या पद्धतीच्या घरात, तोच विधी लोकांना पाहता यावा म्हणून जाहीरपणे केला जातो. पाहुणे येतात, कॅमेरे लागतात. ते बंद करा असं मला अजिबात म्हणायचं नाही. जे घरोघर होत नाही ते निदान एका ठिकाणी तरी नीट होतंय, आणि करणारी माणसं तिथलीच आहेत. पण एक फरक नजरेआड करून चालणार नाही. देवासाठी मांडलेलं ताट आणि पाहणाऱ्यांसाठी मांडलेलं ताट दिसायला सारखंच असतं. पहिलं मांडायला घरात भात पिकवणारं माणूस असावं लागतं, दुसऱ्याला तशी गरज नाही. जपानमधल्या ग्रामीण पर्यटनाचा सगळा वाद मला या फरकाशी येऊन थांबलेला दिसतो.

जपान सरकारची मांडणी वरवर पाहता बिनचूक आहे. २००६ मध्ये पर्यटनाधिष्ठित राष्ट्राचा कायदा झाला, २००८ मध्ये स्वतंत्र पर्यटन संस्था स्थापन झाली. २०२४ मध्ये ३ कोटी ६८ लाखांहून जास्त परदेशी पाहुणे देशात आले आणि २०३० साठी उद्दिष्ट आहे ६ कोटींचं. क्योटोच्या बसमध्ये म्हाताऱ्यांना पाय ठेवायला जागा नाही, फुजी पर्वताचा फोटो काढायला रस्त्यात गर्दी. दुसऱ्या बाजूला गावं ओस पडताहेत. २०१४ मध्ये एका अभ्यासगटाने तरुण स्त्रियांच्या घटत्या संख्येवरून हिशेब मांडला आणि ८९६ नगरपालिका-गावं पुढे नाहीशी होऊ शकतात असं सांगितलं. २०२४ च्या नव्या यादीत ही संख्या ७४४ होती. मग उपाय ठरला: इथे माणसं जास्त, तिथे माणसं कमी, तर इथली तिथे पाठवा. पारंपरिक घरात मुक्काम, भातलावणीचा अनुभव, चुलीवरचं जेवण, जंगलातली पायवाट. शहराची गर्दी ओसरेल, गावाला पैसा मिळेल.

हिशेबात खोट आहे ती इतकीच की गावात कमी पडलेली माणसं आणि शहरात जास्त झालेली माणसं एकाच प्रकारची नाहीत. गावाला लागणारा माणूस पाटाच्या पाण्यासाठी पहाटे उठतो, पालखी खांद्यावर घेतो, शाळेत पोर घालतो, शेजारची म्हातारी दोन दिवस दिसली नाही तर दार ठोठावतो. पाहुणा त्याची जागा घेत नाही. उलट पाहुण्याला जे पाहायचं असतं ते याच माणसाच्या कामातून तयार होतं.

नोतोचंच उदाहरण घेतो, कारण पर्यटनाला अनुकूल म्हणावं असं सगळं तिथे होतं. होन्शू बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरून जपानच्या समुद्रात घुसलेला हा डोंगराळ द्वीपकल्प इशिकावा प्रांतात येतो. २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने नोतोची डोंगर-शेती-समुद्र अशी एकत्र जीवनपद्धती जागतिक महत्त्वाचा कृषिवारसा म्हणून मान्य केली. सादो बेटासोबत जपानला मिळालेली ही पहिलीच मान्यता. तिथल्या वाजिमा शहराचं लाखकाम देशभर नावाजलेलं. वाजिमाचा सकाळचा बाजार हजार वर्षांचा म्हणतात. उन्हाळ्यात गावोगाव किरिको नावाचे उंचच्या उंच कंदील खांद्यावर नाचवत निघणारे उत्सव. खाण्याचं तर काय सांगावं! माकुळाच्या आतड्यांपासून किंवा तारलीपासून मीठ घालून महिनोन्महिने मुरवलेला इशिरी हा रस, कोंड्यात मुरवलेली तारली, आनामिझुच्या खाडीतली कालवं, हिवाळ्यातला चरबीदार बुरी मासा, आणि समुद्री शेवाळाचे इतके प्रकार की ज्याला आपण सगळं मिळून शेवाळ म्हणतो त्याला तिथे वेगवेगळी नावं, वेगवेगळे ऋतू आणि वेगवेगळ्या पाककृती आहेत. कोकणातल्या माणसाला बांगड्याच्या तिरफळाचा आणि सुक्या जवळ्याचा जसा अभिमान, तसाच नोतोच्या माणसाला इशिरीचा.

हे सगळं असताना माणसं गेलीच. १९५४ मध्ये सुझु शहर स्थापन झालं तेव्हा लोकसंख्या सुमारे ३८,००० होती. २०२४ च्या भूकंपाच्या आधी ती तेरा हजारांच्याही खाली उतरली होती आणि निम्म्याहून जास्त लोक पासष्टीच्या पुढचे होते. आनामिझु ते वाजिमा रेल्वे २००१ मध्ये बंद पडली, सुझुपर्यंत जाणारी २००५ मध्ये. मधल्या काळात, २००३ मध्ये, डोंगराचा माथा सपाट करून विमानतळ उघडला. तोक्योला दिवसातून दोन विमानं. विमानतळ स्थानिकांनीच मागून घेतला होता, विमानातल्या जागा भरण्याची हमीसुद्धा त्यांनी दिली होती, तेव्हा दोष एकट्या सरकारच्या माथी मारता येत नाही. पण दहावीनंतर रोज पुढच्या गावी शिकायला जाणाऱ्या मुलीला विमानाचा काय उपयोग? पाहुण्यासाठी रस्ता उघडला, तिच्यासाठी बंद झाला. सरासरी काढली तर प्रवासाची सोय वाढलीच असेल.

मग १ जानेवारी २०२४ ची संध्याकाळ आली. चार वाजून दहा मिनिटांनी ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला. वाजिमाच्या बाजारपेठेत आग लागून सुमारे २४० इमारती जळाल्या. किनारा काही ठिकाणी चार मीटरपर्यंत वर उचलला गेला, बंदरं कोरडी पडली. थेट भूकंपाने आणि नंतरच्या हालअपेष्टांनी मिळून सहाशेहून जास्त माणसं गेली. त्यातून जरा उभं राहतात न राहतात तोच सप्टेंबरात अतिवृष्टीने पूर आणले आणि तात्पुरत्या घरांतही पाणी शिरलं.

पर्यटन त्या दिवशी शून्यावर आलं. वाकुराच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवरची नामांकित विश्रामगृहं एकजात बंद झाली. आणि एप्रिलमध्ये दोन गोष्टी एकाच महिन्यात घडल्या. पंतप्रधान किशिदा वॉशिंग्टनला गेले तेव्हा अमेरिकेच्या अध्यक्षांसाठी वाजिमाच्या लाखकामाचा कॉफीचा कप घेऊन गेले. त्याच महिन्यात अर्थ मंत्रालयाच्या सल्लागार परिषदेत असा सूर निघाला की लोकसंख्या घटत असलेल्या भागात पुनर्बांधणी करताना पुढच्या देखभालीचा खर्च लक्षात घ्यावा, वस्त्या एकत्र आणण्याचा विचार करावा. नोतोत त्यावर संताप उसळला. परिषदेचं म्हणणं निव्वळ निर्दय होतं असं मी म्हणणार नाही. पाच म्हाताऱ्यांच्या वाडीसाठी डोंगर पोखरून रस्ता पुन्हा बांधायचा का, हा प्रश्न कुठल्याही सरकारला पडणारच. पण कप आणि ताळेबंद शेजारी ठेवून पाहा. गावाची किंमत त्याच्याकडे पाहायला येणाऱ्यांवरून ठरवायची सवय लागली की पाहणारे थांबल्या दिवशी गावाच्या बाजूने बोलायला मुद्दाच उरत नाही. ज्यांनी वीस वर्षं गावाला प्रेक्षणीय स्थळ म्हणून विकलं, त्यांनीच हा युक्तिवाद दुसऱ्याच्या हाती दिला.

त्या वर्षी नोतोत परतलं कोण, ते पाहण्यासारखं आहे. वाजिमाच्या ईशान्येला समुद्राकडे उतरत जाणारी शिरोयोने सेनमाइदा ही भातखाचरं आहेत. एकूण १००४ खाचरं, पण सगळी मिळून जेमतेम चार हेक्टर. काही तर घोंगडी अंथरली तर झाकली जातील इतकी लहान. यंत्र उतरत नाही, लावणी आणि कापणी हातानेच. भूकंपात बहुतेक खाचरांना भेगा गेल्या, बांध फुटले, पाण्याची वाट तुटली. तरी मे २०२४ मध्ये तिथल्या आइकोकाई या स्थानिक गटाने सुमारे १२० खाचरांत लावणी केली. त्यांच्यातल्या कित्येकांची स्वतःची घरं पडलेली होती, निवाऱ्यातून ये-जा करून त्यांनी बांध घातले. पाहायला त्या वर्षी फारसं कोणी येणार नाही हे त्यांना माहीत होतं.

इथे माझ्या विरुद्ध जाणारा मुद्दा मीच मांडतो, कारण तो खरा आहे. पर्यटन नसतं तर सेनमाइदा भूकंपाआधीच पडीक झाली असती. आर्थिक दृष्टीने ही शेती परवडतच नाही. २००७ पासून तिथे मालकी योजना चालते: शहरातला माणूस वार्षिक शुल्क भरून एका खाचराचा नावापुरता मालक होतो, लावणीला आणि कापणीला येऊन चिखलात उतरतो, वाट्याचा तांदूळ घेऊन जातो. हा पैसा आणि हे हात नसते तर १००४ हा आकडा कधीच इतिहासजमा झाला असता. मान्य. पण ही योजना चालते कारण ती शेतीच्या पंचांगाला बांधलेली आहे. पाहुणा यायचा तो लावणीच्या वेळी, त्याच्या सुट्टीच्या वेळी नव्हे. हिवाळ्यात याच खाचरांच्या बांधांवर हजारो रंगीत दिवे लावून रोषणाई करतात, तिचा शेतीशी काडीचा संबंध नाही. ती सुंदर दिसते, एवढंच. गुलाबी दिव्यांत न्हालेलं खाचर पाहून मला तरी लग्नाच्या हॉलची आठवण होते, पण हा माझ्या आवडीनिवडीचा भाग झाला.

मीठ घेऊ. सुझुच्या किनाऱ्यावर अजून आगेहामा पद्धतीने मीठ करतात. समुद्राचं पाणी लाकडी बादल्यांतून वर आणायचं, सपाट केलेल्या वाळूवर सारखं उडवायचं, उन्हात वाळू सुकली की ती गोळा करायची, पुन्हा समुद्राच्या पाण्याने धुऊन दाट खारं पाणी काढायचं आणि ते लाकडाच्या जाळावर भल्या मोठ्या कढईत तासन्‌तास आटवायचं. आपल्याकडच्या मिठागरात भरतीचं पाणी आपण होऊन येतं. इथे ते माणसाने उचलून आणायचं. या भागावर सत्ता असलेल्या कागा सरदारांच्या काळात या मिठाच्या बदल्यात शेतकऱ्यांना तांदूळ मिळे. १९०५ ते १९९७ जपानात मिठावर सरकारी मक्तेदारी होती, यंत्राने मीठ होऊ लागल्यावर जुनी मिठागरं बंद करण्यात आली, आणि ही पद्धत एका घराण्याच्या हट्टामुळे टिकली. त्या कामातली म्हण आहे: पाणी वाहायला तीन वर्षं, पाणी उडवायला दहा वर्षं. थेंब सारखे पडले नाहीत तर वाळू सारखी सुकत नाही.

याच कामाचा पाहुण्यांसाठी तास-दोन तासांचा वर्ग असतो. टोपी घालायची, बादली उचलायची, दोनदा पाणी उडवायचं, फोटो, मिठाची पुडी. मुलांना घेऊन जावं, मजा येते. त्यांच्या खांद्याला बादलीचं वजन कळलं तरी पुष्कळ. प्रश्न त्या वर्गाचा नाही, त्याच्याभोवती लिहिल्या जाणाऱ्या अहवालांचा आहे. त्यांत वर्गाला आलेल्यांची संख्या असते आणि ती वाढली की परंपरेचं जतन झालं असं मानतात. दहा वर्षं शिकायला किती जण राहिले हा रकाना तिथे नसतो. सुझुत मीठ टिकलं की नाही याचा तोच एक खरा आकडा आहे, आणि तो बहुधा एका हाताच्या बोटांवर मावेल इतका लहान असल्यामुळेच अहवालात शोभत नाही.

याचा अर्थ नोतोच्या माणसाला पाहुणा नको असतो असा नाही. उलट पाहुणचाराची त्यांची स्वतःची रीत आहे आणि ती पर्यटन खात्याच्या जन्माच्या कितीतरी आधीची आहे. किरिकोच्या उत्सवात घराघरात योबारे चालतं. नातेवाईक, ओळखीचे, कामावरचे, ओळखीच्यांचे ओळखीचे यांना घरी बोलवायचं, ताट-वाट्यांनी भरलेल्या लाखेच्या पाटांवर जेवू घालायचं, पाजायचं. पश्चिम महाराष्ट्रातल्या जत्रेला ज्याने एकदा कुणाच्या तरी घरी मटणाचं जेवण घेतलंय त्याला हे समजावून सांगायला नको. पैसे द्यायचा प्रश्न नाही. पुढे त्यांच्या उत्सवाला तुम्ही, तुमच्या उत्सवाला ते. नोतोतल्याच उशित्सुच्या आबारे उत्सवात लोक देवाची पालखी नदीत, समुद्रात आणि आगीत लोटतात, कारण देवाला दांडगाई आवडते अशी श्रद्धा आहे. भूकंपानंतर सहाच महिन्यांनी, जुलै २०२४ मध्ये, हा उत्सव झाला. रस्ते नीट नव्हते, कितीतरी लोक बाहेरगावी निवाऱ्यात होते, आणि तरी कंदील निघाले. बाहेर गेलेली पोरं खांदा द्यायला परत आली. किरिको उचलायला स्थानिक हात अनेक वर्षांपासून अपुरे आहेत, बाहेरचे विद्यार्थी आणि स्वयंसेवक लागतात. तिथे बाहेरच्यांचं स्वागत आहे. फक्त रस्त्याच्या कडेला उभं राहायला बोलावलेलं नाही, दांड्याखाली बोलावलेलं आहे.

ही रीत धंद्यात उतरवता येते, तेही नोतोनेच दाखवलं. नोतो-चोमधल्या शुनरान नो सातो या वाड्यांच्या समूहाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस शेतघरात पाहुणे ठेवायला सुरुवात केली. एका घरात दिवसाला एकच कुटुंब किंवा गट. रानभाज्या, नदीतला मासा, घरचा भात. साखर आणि विकतचे चवीचे मसाले टाळायचे. वाढायचं ते लाखेच्या भांड्यांत, जेवायच्या काड्या गावात तासलेल्या. एकाच गटाचा नियम हिशेबनीसाला वेडेपणा वाटेल. घर रिकामं असताना दुसऱ्याला नाही म्हणायचं? पण घरची बाई जेवण करते तेव्हा तिला शेतही पाहायचं असतं. दोन गट झाले की ती खानावळ चालवायला लागते आणि शेत सुटतं. पाहुणा शेत पाहायला आलेला असतो.

क्यूशू बेटावरच्या ओइता प्रांतात आजिमु इथे १९९६ पासून असाच प्रयोग झाला. तिथली म्हण प्रसिद्ध आहे: एकदा राहिलात की दूरचे नातेवाईक, दहा वेळा राहिलात की खरे नातेवाईक. यात भाबडेपणा वाटेल, पण त्यांनी कायद्याशी झुंज दिली होती. शेतघरात पाहुणा ठेवायचा तर विश्रामगृहाचे सगळे नियम लागू, वेगळं स्वयंपाकघर हवं, ठरावीक क्षेत्रफळ हवं. सामान्य शेतकऱ्याला ते अशक्य. ओइता प्रांताने २००२ मध्ये नियम सैल केले, मग इतरत्रही वाट मोकळी झाली. आजिमुतल्या प्रयोगाचं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की शेतकरी घरातल्या स्त्रियांच्या हाती स्वतःचा पैसा आला. शेताचं उत्पन्न नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या खात्यात जात असे, पाहुण्यांचं त्यांच्या खात्यात. ज्या गावांत तरुण स्त्रिया राहत नाहीत म्हणून ती नामशेष होणार असं २०१४ चा आणि २०२४ चा असे ते दोन्ही हिशेब सांगतात, तिथे ही बाब दिव्यांच्या रोषणाईपेक्षा केवढी तरी मोठी आहे.

उलट टोकाला शिराकावा-गो. गिफु प्रांतातलं ओगिमाची गाव, नमस्काराच्या हातांसारखी उभ्या उताराची गवती छपरं, १९९५ पासून जागतिक वारसा. तिथल्या लोकांनी १९७१ मध्येच आपसात ठरवलं होतं की घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. वारसा टिकला तो या ठरावाने आणि यूइ नावाच्या श्रमांच्या देवघेवीने: एका घराची शाकारणी असली की सगळं गाव गवताच्या पेंढ्या घेऊन छपरावर चढतं. आज ओगिमाची ज्यात येतं त्या दीड हजार लोकवस्तीच्या शिराकावात वर्षाला सतरा लाखांहून जास्त पाहुणे येतात आणि त्यांतले फार थोडे रात्रीचे राहतात. हिवाळ्यातल्या रोषणाईला २०१९ पासून आगाऊ नोंदणी सक्तीची करावी लागली, इतकी गर्दी. गाव टिकलं आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण गवती छपराखाली आता कितीतरी ठिकाणी दुकान आणि उपाहारगृह आहे, आणि आगटीचा धूर रोज छपरात जात नाही म्हणून गवत लवकर कुजतं. पूर्वी तीस-चाळीस वर्षं टिकणारी शाकारणी आता त्याआधीच करावी लागते. घरात माणूस राहत असला की छप्पर टिकतं, हे इतक्या शब्दशः खरं असेल असं वाटलं नव्हतं.

होक्काइदोच्या बिएइत तर शेतकऱ्यांनी निकालच लावला. शेताच्या मधोमध वाकून उभा असलेला एक पॉपलर फोटोंमुळे प्रसिद्ध झाला, लोक पिकात शिरू लागले, फलक लावून काही होईना. फेब्रुवारी २०१६ मध्ये मालकाने झाड पाडलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याच गावात भूर्ज वृक्षांची चाळीसेक झाडांची रांग तोडली गेली; पिकावर सावली पडत होती हे एक कारण, रस्त्यावर गाड्यांची गर्दी हे दुसरं. ज्यांना हळहळ वाटली त्यांनी एवढं लक्षात घ्यावं की ती झाडं बटाट्याच्या आणि गव्हाच्या शेतांत होती, बागेत नव्हती.

आता आपल्याबद्दल. २०२४ मध्ये भारतातून २ लाख ३३ हजार लोक जपानला गेले आणि त्यांत पुण्या-मुंबईहून सहली करून जाणारे मराठी कमी नाहीत. तोक्यो, फुजी, क्योटो, ओसाका, वेळ उरला तर शिराकावा-गोला दोन तास. बॅगेत थेपले आणि चिवडा. गावात राहायचं म्हटलं की पहिला प्रश्न जेवणाचा येतो आणि तो रास्त आहे, कारण जपानी स्वयंपाकाचा पाया असलेला दाशी बहुतेक वेळा वाळवलेल्या माशाचा असतो, आणि नोतोत तर मुळ्याच्या फोडीलाही इशिरी लागलेला असतो. शाकाहारी माणसाने मासेमारीच्या गावात जाऊन घरच्या बाईला आयत्या वेळी सगळं बदलायला लावणं मला पटत नाही. ती हॉटेलची मालकीण नाही. आधी, नोंदणी करतानाच विचारावं. जमणार नाही म्हणाली तर वाईट वाटून घेऊ नये. नोतोतच मोन्झेनला सोजिजी सोइन हा १३२१ मध्ये स्थापन झालेला झेन मठ आहे. भिक्षूंचं शोजिन जेवण कोंबू शेवाळ आणि शिताके अळिंबीच्या दाशीवर होतं, त्यात मासा नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनाही चालेल असं जेवण सातशे वर्षांच्या परंपरेत आयतं उभं असताना कोळ्याच्या चुलीवर पनीर मागायचं कशाला? मठाला २००७ च्या भूकंपाने मोठा फटका बसला, दुरुस्ती २०२१ मध्ये पुरी झाली आणि तीन वर्षांत पुन्हा भूकंप. तिथे काय चालू आहे, काय बंद आहे, हे चौकशी करूनच जावं.

प्रवासी म्हणून आपल्या हातात थोडं असतं: हंगाम त्यांचा धरायचा, रात्री राहायचं, वस्तू तिथे बनलेली घ्यायची. वाजिमाच्या बाजारातल्या बायकांची पेठ जळाल्यावर त्यांनी मार्च २०२४ पासून कानाझावात आणि मग इतर शहरांत जाऊन बाजार मांडला. वाळवलेला मासा आणि लोणची तीच, विकणाऱ्याही त्याच. नोतो गाठता आलं नाही तरी त्यांच्याकडून घेता येतं. पण मोठा भाग धोरणाचा आहे, आणि तिथे जपानकडे चांगलं हत्यार आधीपासून पडून आहे. २००० सालापासून डोंगराळ भागातल्या शेतकऱ्यांना थेट अनुदान देण्याची योजना आहे. तीव्र उतारावरच्या भातशेतीला दहा आरला, म्हणजे साधारण दहा गुंठ्यांना, वर्षाला २१,००० येन. मुख्य अट ही की वाडीने मिळून पाच वर्षं शेत कसत ठेवण्याचा करार करायचा. यात पाहुण्यांची संख्या मोजत नाहीत, कसलेली जमीन मोजतात. देशातल्या शेतकऱ्यांचं सरासरी वय २०२४ मध्ये ६९ च्या आसपास होतं. २०२५ मध्ये तांदळाचे भाव दुपटीवर गेल्यावर शहरातल्या लोकांनाही कळलं की भात कोणी तरी लावावा लागतो. ज्या वाडीत करार करायला दोन घरंही उरलेली नाहीत, ती मिटेल, आणि तिथे रिकाम्या घरात चकचकीत विश्रामगृह काढून गाव जिवंत असल्याचा देखावा करण्यात मला अर्थ दिसत नाही.

आणि पैसा नाही असं कुणी म्हणू नये. जानेवारी २०१९ मध्ये जपानने देशाबाहेर पडणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला एक हजार येनांचा निर्गमन कर लावला. तो कशावर खर्च करायचा ते कायद्याने ठरवून दिलेलं आहे: प्रवास सुखकर करणं, देशाची माहिती पसरवणं, आणि स्थानिक संस्कृती व निसर्गाचा वापर करून पाहुण्याच्या अनुभवाचं समाधान वाढवणं. बांध, पाट आणि शाकारणी थेट यात बसत नाहीत. बसवायची तर ती पाहुण्याच्या समाधानासाठी आहेत असं दाखवावं लागतं. हे कलम बदलावं. भूकंपाच्या दुरुस्तीचा खर्च वेगळा आणि प्रचंड आहे, तो सोडून देऊ. पण सेनमाइदाची चारही हेक्टर खाचरं पुन्हा लागवडीखाली आली तर २१,००० येनांच्या दराने त्यांचं वर्षाचं अनुदान होतं ८ लाख ४० हजार येन, म्हणजे हजार येनांच्या त्या दराने ८४० प्रवाशांचा कर. २०२४ च्या गतीने इतके परदेशी पाहुणे जपानमधून बाहेर पडायला सरासरी बारा मिनिटं लागतात.